रिकामं परतलेलं पातेलं

मैमुनाचं खरं दुखणं काय होतं, ते आखातातल्या बिन महमूद वस्तीतल्या त्या इमारतीच्या भिंतींनाही ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरची लारा! युक्रेनची बाई. तिचा नवरा दूर रास लफानच्या गॅस कारखान्यात इंजिनिअर, आठवडा आठवडा तिकडेच. मैमुनाचा नवरा बशीरही तिकडेच, स्टोअरमध्ये. दोघी बायका सारख्याच एकट्या. पण एकीला पोर होती, दुसरीला नव्हती, आणि नसलेलीनं असलेलीची पोर पळवली होती. निदान मैमुनाचं म्हणणं तसं होतं.

पोर म्हणजे हिबा, नऊ वर्षांची. शाळेच्या बसमधून उतरली की दप्तर घरात फेकायचं आणि तडक खाली पळायचं. तिथं इंग्रजीत तोंडाचा पट्टा अखंड चालू. वर आईशी बोलायचं म्हणजे 'यस अम्मी', 'नो अम्मी', 'लेटर अम्मी'. मराठी सगळं कळायचं हो पोरीला, पण बोलायला सांगितलं की दातखीळ बसायची. मैमुनाचं इंग्रजी दुकानदारापुरतं. जिन्यात उभं राहून ती खालचं हसणं ऐकायची, आणि आपलीच पोर काय सांगतेय ते आपल्याला कळत नाही म्हणून आतून जळायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं ती बशीरला फोनवर सांगायची. बशीर म्हणायचा, अगं शेजारीण आहे, पोरीला खाऊन टाकतेय का ती? पुरुषांना काय कळतंय कपाळ.

त्यात तो गळ्यातला रुमाल. बाहेर ऊन नुसती आग ओकतंय, जिन्यात एसी बंद, तरी बाईसाहेबांच्या गळ्याला रेशमी रुमाल. नखरे मेले!

आणि भांडी? मैमुनाच्या माहेरी शेजारचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं ईदेला शीरखुर्म्याचं पातेलं मोठ्या मनानं खाली पाठवलं, ते घासूनपुसून लखलखीत रिकामं आलं. पुढं दुसऱ्यांदा खीर पाठवली, तेव्हाही तेच. वर हिबानं सांगून टाकलं की लारा आंटीनं खीर सिंकमध्ये ओतली. मैमुनाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून खाली काही पाठवणं खलास.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण एप्रिलात हिबानं दूध सोडलं. ग्लास समोर ठेवला की तोंड फिरवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणे लारा आंटी पीत नाही. मैमुनानं समजावलं, रागावली, एक धपाटाही घातला. एका दुपारी तर पोर सरळ ताटावरून उठली आणि जिना उतरून खाली गेली. मग मात्र मैमुनानं तोच दुधाचा ग्लास उचलला, डोक्यावर ओढणी घेतली आणि तिच्यामागोमाग लाराच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"पी," ती हिबाला म्हणाली. "हिच्यासमोर पी. कुणाची पोर आहेस ते कळू दे हिला."

हिबानं रडवेल्या तोंडानं ग्लास ओठाला लावला. लाराचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं झडप घालून ग्लास हिसकावला आणि दूध सिंकमध्ये ओतून दिलं.

मैमुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांग तिला," ती हिबावर ओरडली, "स्वतःची पोर असती तर असं केलं नसतंस म्हणावं."

लारानं इंग्रजीत विचारलं, आई काय म्हणाली? हिबानं मान खाली घातली. पण असल्या बोलण्याला दुभाषी लागत नाही. लारानं हळूच गळ्यातला रुमाल सोडला. गळ्यावर या कानाखालून त्या कानाखाली गेलेला शिवणीचा जुना वण होता.

मग ती बोलायला लागली, आणि हिबा आईकडं बघत, अडखळत, शब्द शोधत मराठीत सांगायला लागली.

लारा तेव्हा हिबाएवढीच होती. तिच्या गावापासून दूर चेर्नोबिलला अणूपासून वीज करणारा कारखाना होता. साहेबांना तिथं एक चाचणी उरकायची होती. ती लांबत गेली आणि तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या कामगारांच्या गळ्यात पडली. चाचणीसाठी बचावाची यंत्रं बंद ठेवली होती. मशीनमध्ये मुळातच खोट होती, वरच्यांना ती माहीत होती, पण चालवणाऱ्यांना कुणी सांगितली नव्हती. शेवटी त्यांनी मशीन थांबवायचं बटण दाबलं, तर ब्रेक दाबल्यावर गाडी उलट सुसाट सुटावी तसं झालं. छप्पर उडालं, विष हवेत गेलं. आणि अब्रू जाईल म्हणून साहेब गप्प बसले. गावात कुणालाच काही कळलं नाही. विष गवतावर पडलं, गवत गाईनं खाल्लं.

"अम्मी, तिला दूध नको होतं," हिबा म्हणाली. "तिची आई म्हणायची, पी, ताकद येईल. रोज. स्वतःच्या हातानं."

पुढं गळ्यात गाठ आली, ऑपरेशन झालं. लारा वाचली. आई मात्र मरेपर्यंत स्वतःचे हात बघत बसायची. इथलं दूध चांगलं आहे, हे लाराला डोक्यानं कळतं, पण हात ऐकत नाहीत. हिबाला पिऊ नको असं ती कधीच म्हणाली नव्हती.

"आणि अम्मी, म्हणून ती मला कधी काही खायला देत नाही. तुझी भांडी पण म्हणूनच रिकामी. तिला भीती वाटते, तिच्या हातून कुणाच्या मुलाला..."

हिबाला पुढचा शब्द सापडला नाही. मैमुनाला तो नको होता. मघाशी आपण जे बोलून गेलो ते जिभेवर निखाऱ्यासारखं वाटत होतं. आणि खोटं कशाला बोला, तेव्हाही मनात एक काटा टोचलाच, की पोर आयुष्यात पहिल्यांदा एवढं मराठी बोलली, ते या बाईसाठी.

दुसऱ्या दिवशी ती नारळ, गूळ, शेवया आणि आपली विळी घेऊन खाली उतरली. लाराच्या डोळ्यांदेखत नारळ फोडला, खवला, पिळून दूध काढलं. "गाय नाही," ती म्हणाली. "झाड. ट्री." शेवया त्या रसात घालून वाटी पुढं केली. लारानं वास घेतला, बराच वेळ वाटी नुसती धरून ठेवली, मग खाल्लं. उरलेल्या शेवयांचं पातेलं मैमुना तिथंच ठेवून आली.

ते संध्याकाळी परत आलं. झाकण ठेवून हिबानं जपून आणलं होतं आणि ते जड होतं. आत बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या होत्या, वेड्यावाकड्या. दारातून खाली बघितलं तर लारा जिन्याच्या पायरीशी उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

हिबानं करंजी उचलली. मैमुनानं तिचा हात धरला. खाली लारानं डोळे मिटून घेतले.

मैमुनानं ती करंजी पोरीच्या हातातून काढून स्वतःच्या तोंडात टाकली, सावकाश चावली आणि गिळली.

"मीठ कमी आहे," ती जरा समाधानानं, खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग दुसरी उचलून तिनं हिबाला भरवली.