काकूंना चालेल असा सिनेमा

"पुन्हा विनोदीच?" सरोजिनीकाकू माझ्या खांद्याजवळ पुटपुटल्या. "या कपाटात दुसरं काही पिकतच नाही वाटतं."

मी ऐकलंच नाही असं दाखवून कॅसेटची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हती.

आमच्या वाशीच्या सोसायटीत पंपाच्या खोलीला लागून वाचनालय होतं. तिथली पुस्तकं कुणी नेईना, म्हणून कमिटीने सिनेमाच्या कॅसेट ठेवायचं ठरवलं. सेक्रेटरी श्यामसुंदररावांनी भाषणच केलं, सर्व वयोगटांसाठी, सर्व अभिरुचींसाठी वगैरे. कुणाला काय आवडेल ते सुचवायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी दुपारी घरी असते आणि सिनेमाला नावं ठेवते.

अडचण एकच. अख्ख्या बिल्डिंगमध्ये व्हिडिओ फक्त सरोजिनीकाकूंकडे. त्यांच्या मुलाने, नंदकिशोरने, मस्कतहून पाठवलेला. त्यामुळे कॅसेट कुणाच्याही नावावर जावो, शनिवारी संध्याकाळी ती काकूंच्या टीव्हीखाली जायची आणि तिच्यामागून चारही मजले सतरंज्या घेऊन.

मग दिवाळीला माझ्या शेजारच्या चारुलताचा भाऊ मस्कतहून आला आणि नंदूची बातमी घेऊन आला. चारुलताने ती फक्त मला सांगितली. मी फक्त श्यामसुंदररावांना सांगितली. दुसऱ्या दिवशी दूधवाला हळहळत होता. काकूंना मात्र कुणी काही बोललं नाही. उलट ठरलं, की काकूंसमोर आई आणि दूर गेलेला मुलगा असा सिनेमा लावायचा नाही.

आता हिंदी सिनेमातून हे वगळून दाखवा. मुलगा जत्रेत हरवतो, बाद. मुलगा शिकायला शहरात जातो, बाद. मुलगा तुरुंगात जातो आणि आई देवळात घंटा बडवते, बाद. देवादिकांचे सिनेमे तरी सुरक्षित असतील म्हणून एक काढला, तर त्यातही राजपुत्र निघाला वनवासाला. शेवटी इंग्रजी मारामारी बरी वाटली. तिथे कुणालाच आई नसते. काकू अडीच तास हाताची घडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "यांना दारातून जाता येत नाही का? सारखे काचेतूनच उड्या मारतायत."

तेव्हापासून नुसते विनोदी. आम्ही किती कनवाळू याचं आम्हालाच कौतुक वाटायचं. काकूंनी अंथरूण धरलं तर शनिवारी बसायचं कुठे, हा विचार अर्थातच कुणाच्याही मनात नव्हता. श्यामसुंदरराव तर प्रत्येक कॅसेट आधी काकूंकडे जाऊन एकटे तपासायचे. काही चांगल्या कॅसेट त्यांना दोनदा तपासाव्या लागल्या.

"ती वरची द्या," काकू म्हणाल्या.

वरच्या कॅसेटच्या डब्यावर पांढऱ्या साडीतली आई खिडकीशी उभी होती. खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यावर कुणी नाही.

"ती ना, खराब आहे काकू."

"टेप अडकते," पेपर वाचणारे श्यामसुंदरराव पानाआडून म्हणाले. "हेड जाईल तुमच्या व्हिडिओचं."

"आणि इतकी रडकी आहे!" चारुलता दारातून माझ्या मदतीला धावलीच. "त्यापेक्षा ही न्या ना. यात तो बायकोला घाबरून पिंपात लपतो."

"पिंपातला तीनदा पाहिला गं. आता पिंपसुद्धा मला ओळखतं." काकूंनी हात उंचावून ती कॅसेट स्वतःच काढली. "वहिनी, खरं सांगा. खराब आहे?"

मला खोटं बोलता येतं. पण काकूंचा चेहरा इतका जवळ होता की येईना. "नाही," मी म्हटलं. "चांगली आहे. थिएटरात मी दोनदा रडलेय."

श्यामसुंदररावांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत मला वाचनालयातून काढून टाकल्याचा ठराव दिसला.

"मग हीच लावू या शनिवारी," काकू म्हणाल्या. "हसून हसून माझा जबडा दुखायला लागलाय. आणि तुम्ही कुठे सिनेमा बघता? सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसता, ही हसली का, ही हसली का. परवा मी उगाच खोकले तर चार जणी पाणी घेऊन उठल्या."

"तसं नाही हो, काकू..." चारुलता खाली बघत म्हणाली.

"तसंच आहे. आणि घाबरू नका, व्हिडिओ मी बंद करणार नाही. दार उघडंच राहील." त्यांनी पदराने कॅसेट पुसली. "नंदूने तिकडे लग्न केलंय. मूलही झालंय त्याला. तो आता परत यायचा नाही."