आंदनातली गाडी

बस भाऊ, बस. गाडी तेवढी चिचेच्या सावलीत लाव, नाईतर सीट तव्यासारखी तापन. मूल गावावरून मासोळ्या घ्याले आला ना? आज मासोळ्या नाई. पन आलाच आहेस तं एक गोष्ट आयकून जा. मंग मले तुह्यापासी एक काम आहे.

ते पाय, टपावर कोंबड्या बसल्या आहेत ते पांढरी व्हॅन. मुखरूची. आमा साऱ्या ढिवरांच्या मासोळ्या तेच मूलच्या बजारात नेत होती. बरफाच्या पान्यानं तिचा तळ सडला, बसल्या जागेवरून खालचा रस्ता दिसे. मागचा दरवाजा जाळ्याच्या दोरीनं बांधलेला. मिस्त्री म्हने, "मुखरूभाऊ, आता हिच्यावर पैसा लावू नोको. दुसरी पाय."

मुखरूची बायको गुनाबाई. तिनं दुसऱ्या गाडीसाठी बायांच्या गटातून कर्ज काढलं. गटाचं कर्ज तुले ठाऊक आहे, एकीनं नाई भरलं तं बाकीच्याईले भरा लागते. माही घरवाली कुंता अन आनखी काई बाया तिच्यासाठी जामीन राह्यल्या. काऊन का गाडी आली तं साऱ्याईच्याच मासोळ्या जातीन.

तेवढ्यात मुखरूच्या पोरीले, मयुरीले, भद्रावतीकडचे पाहुने आले. पोरगा लोकेश, कोळशाच्या खदानीत ठेक्यावर. त्याचा बाप शालिकराम बोलाले लय गोड. पोहे खाता खाता म्हने, "हुंडा-बिंडा आमच्यात नाई, मुखरूभाऊ. आमी सुधारलेले लोकं. फक्त तुमची पोरगी उन्हातानात फटफटीवर फिरन, ते तुमालेच पायवन का?"

"मंग?"

"मंग काई नाई. समजदाराले काय सांगाचं."

मुखरू समजला. गुनाबाई म्हने, "आवो, ते पैसे बायाईच्या भरोशाचे आहेत."

"पोरगी एकच आहे आपल्याले. डबडं चालते अजून. एक साल काढू."

झालं. व्हॅनसाठी काढलेला पैसा लाल कारीत गेला, अन वरच्या पैशाची किस्त मुखरूच्या मानेवर बसली. आमच्याकडं आता रीतच झाली भाऊ, मांडवात नवरीच्या आधी गाडीले हार. बोनेटवर कुंकू, म्होरं नारळ. साऱ्या गावानं गाडीसंग फोटो काढले. मयुरी तिकडं उभी होती, तिच्याकडं कोन पायते.

मंग उन्हाळा लागला. तलाव आटला का आमची मोठी मासोळी निघते, सालभराची कमाई त्याच दिवसाईत. व्हॅन गच्च भरली. अन जंगलातल्या रस्त्यावर इंजिन बसलं ते बसलंच. वाघाच्या धाकानं त्या रस्त्यावर कोनी थांबत नाई. गावातली भाड्याची पिकअप वऱ्हाड घेऊन गेलेली. पन जवाई त्या दिवशी मूललेच लग्नात आला होता, कारनं, बापाले अन मयुरीले घेऊन. मुखरूनं फोन लावला.

"जवाईबापू, एक खेप मारून द्या. फक्त एक. साऱ्या गावाचा माल आहे."

लोकेशनं फोन बापाकडं सरकवला. शालिकराम बोलला. "इवाई, मासोळीचा वास सीटातून जाते का कधी? त्या गाडीत मानसं बसतेत."

मुखरूनं फोन खिशात ठेवला अन खाली बसला. बरफाचं पानी होऊन सडक्या तळातून गळत राह्यलं. दिवस उतरता उतरता आमी साऱ्याईनं मिळून सालभराची मासोळी नाल्यात वतली.

वसुलीवाला आला, गुनाबाईच्या आंगनात खुर्ची टाकून बसला. "पुरी रक्कम झाल्याबिगर मी हालत नाई," म्हने. बाया गोल बसल्या. कोनाजवळच काई नव्हतं. माही कुंता बोलली, "गुने, तुह्या जवायाच्या गाडीत आमची मासोळी नाई बसत. आमचा पैसा कसा बसला?"

गुनाबाईनं गळ्यातलं डोरलं काढून खुर्चीवर ठेवलं. म्होरच्या खेपेले काढाले काई नाई.

तवापासून मुखरू बाजीवरून उठत नाई. बोलाले गेलं तं पत्र्याकडं पायते. गुनाबाईनं जाळ्याच्या साऱ्या दोऱ्या आमच्या घरी आनून ठेवल्या. काऊन, ते मी इचारलं नाई.

काल मयुरी एसटीनं आली. एकटी. पदराची गाठ सोडून तिनं कारीची किल्ली बापाच्या हातावर ठेवली.

"बाबा, गाडी तुमच्या नावावर आहे. आना, इकून टाका, बायाईचे पैसे द्या."

"आंदन वापस घेत नाईत, बाई. तुले घरातून काढतीन."

"काढू द्या. तिथी गाडी रोज धुतेत, वरून ताडपत्री झाकतेत. मी जेवली का नाई ते कोनी इचारत नाई. तुमी फोन लावला तवा मी बाजूलेच होती, बाबा. मले वाटलं हे 'हो' म्हनतीन. तुमी तिकडं उन्हात बसले होते, अन हे गाडीत थंड हवा लावून आईसक्रीम खात होते."

मुखरूनं तोंड झाकलं. लय दिवसानं रडला.

आता आयक. कार आनाले मयुरी तयार आहे, गुनाबाई तयार आहे, माही कुंता तं सकाळपासून लुगडं खोचून बसली आहे. पन गाडी हाकाले मानूस नाई. गावातल्या निकेशले म्हटलं, तो म्हने माही बहीन तिकडंच सासरी आहे, तिले पाहून घेतीन. पवनले म्हटलं, त्याचं स्वतःचंच लग्न ठरून राह्यलं, अन त्याले मांडवात गाडी पाहिजे. मुखरूचे पाय भद्रावतीकडं उठत नाई. मले सायकलीबिगर काई येत नाई.

तू परका आहेस. तुले इथी कोनाचं सोयरपन नाई, कोनाचा धाक नाई. किल्ली हे पाय, गुनाबाईनं माह्याजवळ देली आहे. उद्या सकाळी आमच्यासंग भद्रावतीले चाल. तू फक्त स्टेरिंगवर बस, बोलाचं ते बाया बोलतीन. नाई म्हनाचं असन तं म्हन, पन मले नाई. तिकडं जा, अन त्या बाजीपासी उभा राहून मुखरूले सांग.