शक्तीच्या गोळ्यांची बाटली

दुपारी दोनला औषधांच्या खिडकीपुढची रांग ओसरली आणि आत्याने मुदत संपलेली खोकी वेगळी काढायला घेतली. वीस वर्षांत एकाची गोळी दुसऱ्याला तिच्या हातून गेली नव्हती. सगळं हॉस्पिटल तिला आत्याच म्हणे. खरी आत्या ती दोनच मुलींची. त्यांतली थोरली आता नव्हती.

तेवढ्यात तिच्या दादाचा हात खिडकीतून आत आला. हातात शक्तीच्या गोळ्यांची तपकिरी बाटली होती.

"रविवारी पाहुणे येताहेत, धाकटीचं पक्कं करायला," तो हळूच म्हणाला. "मागच्यासारखंच कर. तिच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढ आणि यात भर."

आत्याने बाटली फिरवून पाहिली. लेबलाचा सुटलेला कोपरा तिनेच डिंकाने चिकटवला होता. थोरलीच्या सासरहून तिच्या कपड्यांबरोबर परत आलेली तीच बाटली. आत अजून अकरा गोळ्या खुळखुळत होत्या. आत्याला शिसारी आली.

"दादा, अरे, हीच आणलीस?"

"मग? चांगली तर आहे. नवी कशाला?"

आजार दादाकडूनच मुलींत आला होता. तो ऑफिसात धाडकन कोसळला, तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं. एक ठोका पडला की पुढच्यासाठी हृदयाला पुन्हा सज्ज व्हावं लागतं. या तिघांच्या हृदयाला त्यासाठी जास्त वेळ लागे, आणि नेमक्या त्या वेळात भीतीचा, धावपळीचा हिसका बसला तर ताल सुटे. गोळी तो हिसका मवाळ करी. दिवसातून दोनदा, न चुकता. पण औषधांचा स्वभाव मोठा लहरी. बिघडलेला ताल सुधारणारी काही औषधंच असल्या हृदयाचा घात करतात. कफावरच्या, उलटीवरच्या काही साध्या गोळ्याही ती सज्ज होण्याची वेळ आणखी लांबवतात. म्हणून कुठलंही औषध घेण्याआधी आजार सांगायचा, हे पथ्य.

तेवढंच मुलींना मना होतं. दादाची स्ट्रिप जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असे. कुणी विचारलं की तो रंगवून सांगे, आणि वहिनी लगबगीने पाणी आणून देई. तीच गोळी मुलींच्या हातात आली की तिला खोट म्हणायचं आणि कपाटात दडवायचं!

थोरलीच्या वेळी आत्याने आपली सगळी अक्कल या पापात ओतली होती. गोळ्या त्याच आकाराच्या असलेली बाटली शोधली. वर्ज्य औषधांची यादी बारीक अक्षरात लिहून पर्सच्या अस्तरात शिवून दिली, आणि स्वतःवर खूशही झाली. पाच महिन्यांनी थोरलीला ताप आला, छातीत कफ झाला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?" सासू हसून म्हणाली, "शक्तीच्या गोळ्या खाते आमची राणी!" थोरली मान खाली घालून गप्प राहिली, आणि डॉक्टरांनी कफावरची नेहमीची गोळी लिहून दिली, यादीत वर्ज्य असलेली. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता ती खाली पडली, ती उठलीच नाही. जावयाने नंतर हे सगळं रडत सांगितलं. यादी अस्तरातच होती.

दादा म्हणाला, नशीब. वहिनी म्हणाली, देवाची इच्छा. आत्याने हात धुतले आणि खिडकीवर जाऊन बसली.

आज तिला दादाची किळस आली, पण त्याहून जास्त आपल्या हातांची.

"नाही भरणार."

"अगं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच नाही भरणार."

संध्याकाळी तिने धाकटीला गाठलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं, आपल्या शहाणपणासकट. धाकटी म्हणाली, "ताईला एक शब्द बोलता आला नाही?"

रविवारी पाहुणे आले, आत्याही होती. चहा झाला, हसणं-खिदळणं झालं. मुलाच्या आईला टेबलावरची स्ट्रिप दिसली. दादाने सवयीने आपलं हृदयपुराण लावलं. बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती हिमतीने घेता हो सगळं!"

धाकटी उठली. कपाटातून आपली स्ट्रिप आणून तिने शेजारी ठेवली. "ही माझी. बाबांची आणि माझी गोळी एकच आहे. ताईचीही हीच होती."

बाईंचा चेहरा उतरला. "पुरुषांचं वेगळं असतं हो," एवढं पुटपुटून त्यांनी पर्स उचलली. मुलगा चपला शोधायला लागला. पाच मिनिटांत खोली रिकामी झाली.

"आता हिला करून घेणार कोण?" दादा आत्यावर ओरडला. "तू माझं घर बुडवलंस!"

"घर मागेच बुडालं, दादा. बुडवायला मी हात लावला होता. आता नाही लावणार. माझ्या खिडकीवरून एकही गोळी नाव झाकून जाणार नाही."

सात वाजले होते, गोळीची वेळ. धाकटीने आपली गोळी तोंडात टाकली, सगळ्यांसमोर, आणि पाणी प्यायली. मग दुसरा पेला भरून बापापुढे सरकवला.

"घ्या ना बाबा. तुम्हाला कुठे लपवायचीय?"

दादाने गोळी हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून.