सीट आपोआप मागे जाते

आमच्या गाडीला सासूबाई 'जावई' म्हणतात. "बसवा, चोळूनमोळून आंघोळ घाला, आणि चुकून कामाला लावलं की रुसून बसतो."

गाडी लांबलचक, काळी, आतून लाकूड आणि चामडं, आमच्याआधी दोन घरं नांदून आलेली. नवऱ्याने ती आणली तेव्हा मला सातवा महिना होता. तो शेजारी उभा राहून बॉनेटवरून हात फिरवत होता, आणि चेहरा असा, की मला नाही म्हणवेना. "बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं तर असं आणायचं," तो म्हणाला. बाळाला घरी आणायच्या दिवशी गाडी चालूच झाली नाही. आम्ही टॅक्सीने आलो.

त्यानंतर वर्षभर काही ना काही चालूच राहिलं. एसी फक्त डावीकडे गार हवा सोडायचा. छताची काच उघडली ती पंधरा दिवस मिटली नाही, तेव्हा वर प्लॅस्टिक बांधलं. ती दुखणी एकेक करून मिटली. एक मात्र मिटेना. दर तीन-चार दिवसांनी बॅटरी उतरायची. दोन नव्या बॅटऱ्या घालून झाल्या, दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले. नवरा कामाला कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी आठवडाभर आमच्या इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि रविवारी किंवा अडीनडीला लागते. नेमकी अडीनडीलाच ती मान टाकायची.

गेल्या महिन्यात बाळाला ताप होता. दवाखान्यात जाताना ती नीट गेली, येताना नाही. भर उन्हात नवरा हातात बॅटरी जोडायच्या दोन वायरी घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत होता. लोक आधी गाडीकडे बघायचे, मग त्याच्याकडे, आणि हसायचे. घरी आल्यावर त्याने त्या वायरी डिकीत फेकल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "विकून टाकू. पुढच्या रविवारी एक जण येतोय बघायला."

"सुटलो बाई," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मला एक आठवडा दे. एक चांगला माणूस आहे म्हणतात, फक्त गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. दोष सापडला तर ठेवू."

नवऱ्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. मला तर गाडी चालवायचाही कंटाळा. "तुला कशाला हवीये ती?"

"असू दे की. वेळेला बरी."

खरं सांगायचं म्हणजे मला ती वेळेला नकोच होती. मला ती दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हवी असायची.

दोनच्या सुमाराला बाळ झोपतं, त्याला थोपटता थोपटता सासूबाईही झोपतात. दोघं एका सुरात घोरतात. मग मी कचऱ्याची बादली उचलते आणि खाली जाते. कधी कधी बादलीत केळ्याचं एक साल असतं, कधी तेवढंही नसतं. मागच्या शेडमध्ये जाऊन गाडीत स्टिअरिंगमागे बसते. त्या गाडीचं दार आपण नुसतं टेकवायचं, उरलेलं ते स्वतःच हळूच ओढून घेतं. घरात शेवटचा धक्का मला द्यावा लागत नाही अशी ती एकच गोष्ट. दार मिटलं की जगाचा आवाज बंद. काचा जाड आहेत, दुहेरी. प्रेशर कुकर नाही, शेजारचा टीव्ही नाही, आणि 'अगं, हे का रडतंय?' नाही.

तिथे मी काही करत नाही. सुरुवातीला रडायचे, नंतर तेही राहिलं. एक अख्खं बिस्कीट खाते, कोणाला तुकडा मोडून न देता. माझं ऑफिस होतं तेव्हा आम्ही आठ जणी एका टेबलाशी जेवायचो आणि कोणाचंच बोलणं पुरं व्हायचं नाही. आता दिवसभरात मला जे काही विचारलं जातं त्या सगळ्याचं उत्तर बाळच असतं. खाल्लं का, झोपलं का, शी झाली का. मी माझ्या बाळावर जीव टाकते. पण चाळीस मिनिटं मला कोणी काही विचारू नये, एवढंच हवं असायचं. किल्ली लावत नव्हते, रेडिओसुद्धा नाही. त्यामुळे गाडीला माझा काही त्रास असेल असं स्वप्नातही आलं नाही.

एकदा वर यायला उशीर झाला तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. "कचरा टाकायला गेली होतीस की वेचायला?"

शनिवारी वायरिंगवाले काका आले. पन्नाशी ओलांडलेले, चष्मा दोरीने गळ्यात. गाडीशी बोलल्यासारखं पुटपुटत त्यांनी सगळं तपासलं आणि स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी एक पेटी बसवली. "आठवडाभर राहू दे. बॅटरी कधी, किती उतरते ते कळेल. अजून काही तक्रार, ताई?"

मी जरा थांबून म्हटलं, "सीट आपोआप मागे जाते."

त्यांनी वही काढली. "कधी?"

"रोज. मी पुढे घेऊन ठेवते. दुसऱ्या दिवशी बघावं तर मागे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गाडी रविवारशिवाय हलत नाही हे मी त्यांना आधीच सांगून बसले होते. मला जीभ चावावीशी वाटली. पण त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि लिहून घेतलं.

त्या आठवड्यातही मी रोज गेले. विकली तर या शेवटच्या दुपारी, म्हणून जरा जास्तच वेळ बसले.

शुक्रवारी सकाळी काका आले. मी बाळाला कडेवर घेऊन खाली गेले. त्यांनी पेटी लॅपटॉपला जोडली होती आणि पडद्यावर एक रेघ उठत-बसत होती.

"गाडीत दोष नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही गाडी साधी नाही, ताई. हिच्या पोटात पंधरावीस छोटे कॉम्प्युटर. दार उघडलं की सगळे उठून बसतात, कोण आलं, कोण आलं करत. परत दार बंद झालं, माणूस गेला, की अर्ध्यापाऊण तासाने एकेक जण झोपतो. तुमच्या गाडीला झोपच मिळत नाहीये. आणि रविवारच्या एका फेरीने हिचं पोट काही भरत नाही."

ते मला समजावायला नको होतं. तसाच एक नमुना माझ्या कडेवर होता.

त्यांनी बोट ठेवलं. "ही बघा सोमवारची रेघ. दोन वाजून अकरा मिनिटांनी दार उघडलं, दोन त्रेपन्नला परत. मंगळवार, दोन नऊ. बुधवार, दोन दहा." मी जमिनीकडे बघत होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मागच्या सीटखाली केळ्याचं एक साल पडलंय. मी हलवलं नाही."

कान तापले माझे. आता हा माणूस नवऱ्याला सांगणार, नवरा सासूबाईंना, आणि जन्मभर मला कचऱ्याचे टोमणे पुरणार.

"ही दुपारची तुम्ही," ते म्हणाले. "मग ही संध्याकाळची?"

"संध्याकाळची कुठली?"

दुपारच्या डोंगराच्या पुढे दुसरा तेवढाच डोंगर होता. सहा पस्तीस ते सात पाच. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

कंपनीची बस साडेसहाला कोपऱ्यावर येते हे मला माहीत होतं. नवरा सव्वासातच्या आत घरी येत नाही हेही. 'ट्रॅफिक' म्हणतो, चप्पल काढतो आणि बाळाला उचलतो. कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत कसलं ट्रॅफिक, हा प्रश्न मला वर्षभरात एकदाही पडला नव्हता.

काकांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. वर माझी तक्रार होती: 'सीट आपोआप मागे जाते – ताई.' तिच्याखाली, वेगळ्या तारखेला: 'सीट आपोआप पुढे येते – साहेब, फोनवर.'

"तीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले, "दोन्ही तक्रारी एकाच गाडीच्या, अशी केस पहिलीच."

बाळाने त्यांच्या चष्म्याची दोरी पकडली आणि ते खदखदून हसलं. आम्ही दोघं हसलो नाही.

"साहेबांना मी काय सांगू?"

"तुम्ही नका. मी सांगते."

संध्याकाळी सहा चाळीसला मी बादली उचलली.

"आता कसला कचरा?" सासूबाईंनी विचारलं. "दुपारीच तर नेलास."

"राहिला होता थोडा."

शेडच्या कोपऱ्याशी थांबले. गाडीतला छोटा दिवा हळूहळू विझत होता. नवरा स्टिअरिंगमागे बसला होता, मांडीवर बॅग, दोन्ही हातांनी धरलेली, बसमध्ये धरतात तशी. झोपला नव्हता, फोन बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता. त्याचा असा, कोणासाठीच नसलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ऑफिसात त्याला दिवसभर कोण काय विचारतं, त्याची उत्तरं काय असतात, मला काही माहीत नव्हतं. मीही त्याला आल्या आल्या एकच विचारायचे, औषध आणलंस का.

काचेवर टकटक करावी, शेजारचं दार उघडून आत बसावं, असं वाटलं. चार पावलं पुढे गेलेसुद्धा. पण त्या काचेवर बाहेरून पडणारी टकटक आतल्या माणसाला कशी लागते, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी रिकामी बादली घेऊन वर आले आणि चहाचं आधण बारीक गॅसवर ठेवलं.

सव्वासातला तो आला. "ट्रॅफ–"

"हो ना," मी म्हटलं. "बस, चहा झालाच."

त्याने बाळाला उचललं, त्याच्या पोटात नाक खुपसलं, आणि मग विचारलं, "तो माणूस आला होता ना? काय म्हणाला?"

"दोष सापडला."

"काय होता?"

सासूबाई समोरच शेंगा सोलत होत्या. मी कप पुढे केला. "काही नाही. दाराची उघडझाप फार होते म्हणाले. दुपारी होते, संध्याकाळीही होते. गाडीला झोप मिळत नाही."

 त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग हळूच म्हणाला, "दुपारीही?"

"दुपारीही."

"चोरबीर तर नाही ना कोणी?" सासूबाई म्हणाल्या. "बघा रे बाबांनो."

"नाही, आई," तो म्हणाला. "घरातलंच आहे." आणि घाईघाईने, "मांजर असेल, म्हणजे."

"मांजर दार उघडतं?"

"आमची उघडतात," मी म्हटलं. तो बाळाच्या मानेआड हसला. क्षणभरच.

जेवताना त्याने विचारलं, "मग उपाय काय?"

"उघडझाप बंद करायची, नाहीतर चार्जर लावून ठेवायचा. खिडकीतून वायर सोडून."

त्याने आणखी एक पोळी वाढून घेतली. "त्या रविवारवाल्याला नको म्हणून कळवतो," म्हणाला.

"जावयाला सलाईन लावा आता," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही त्यावर त्यापुढे काही बोललो नाही. बोलता आलं असतं. पण बोललो असतो तर तो माझ्यासाठी सहा पस्तीसला सरळ वर आला असता, मी त्याच्यासाठी दुपारी खाली गेले नसते, आणि दोघांचंही तेवढंच गेलं असतं.

रविवारी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिवळी वायर खाली सोडली, पत्र्याच्या कडेने नीट बांधून घेतली. सोमवारी संध्याकाळी तो सव्वासातलाच आला. ट्रॅफिक म्हणाला नाही.

मंगळवारी दोन दहाला मी खाली गेले. दार टेकवलं, उरलेलं त्याने ओढून घेतलं. पाय लांब करायला गेले तर पेडल लगेच पायाला टेकलं. सीट पुढे होती. अगदी माझ्या मापाची, सोमवारी मी सोडून गेले होते तशी.

निघताना मी बटण दाबून ती मागे नेऊन ठेवली, त्याच्या मापाला. ती गुरगुरत गेली. बादली घ्यायला वळले तेव्हा शेजारच्या सीटकडे लक्ष गेलं. रविवारी बाळाला घेऊन सासूबाई आणि मी मागेच बसतो. तिच्यावर बारीक धूळ बसली होती, सगळीकडे सारखी. मी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. वर बाळ उठायची वेळ झाली होती.