लाल पाटी आणि आईंचा धवला

तळवलीतल्या आमच्या घराला दार आहे, पण ते लागलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. कोणीही येतं, ओट्यावर बसतं, पाणी मागतं, चार्जर मागतं, कधी गाडीत हवा भरायचा पंपही मागतं. मी साताऱ्याकडची, आणि स्वभावाने जरा तिखटच. माझ्या माहेरी 'कोण आहे' हे विचारल्याशिवाय कडी निघत नाही. इथे सासूबाई आधी पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि मग विचारायच्या, "कोनाचा रं तू?"

म्हणून घरातल्या एका वस्तूला तरी मी कुलूप घातलं होतं. ती म्हणजे कॉम्प्युटर. मी तळोज्याला एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. तिथे एकदा कोणीतरी नको ते मेल उघडलं आणि अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसलं. तेव्हापासून मी धसकाच घेतला. घरच्या मशीनवर चांगला अँटिव्हायरस टाकला, पासवर्ड लावला आणि नवऱ्याला बजावलं, "हितेश, परक्याचा पेन ड्राइव्ह ह्याला लागला ना, तर तू आणि मशीन दोघंही ओट्यावर."

"टेन्शन नको घेऊ गं," हितेश हसला. "त्यात चोरण्यासारखं आहे काय?"

त्यात आईंचा आवाज होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, पुतळाबाई. गावची धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि तो गाऊन लग्न लावते ती धवलारीण. आई पुढे गायच्या आणि शेजारच्या वेणूमावशी मागून ओळ झेलायच्या. सगळं तोंडपाठ, सासूकडून सुनेकडे आलेलं. मी एकदा आईंना स्वयंपाकघरात बसवून फोनवर सगळे धवले रेकॉर्ड केले, कॉम्प्युटरवर घेतले आणि रोज ऑफिसातून आल्यावर हेडफोन लावून साफ करत बसले. कुकरच्या शिट्ट्या कापल्या, गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं कापलं. एक जागा मात्र माझ्याने कापवली नाही. हळदीच्या धवल्यात आई मध्येच थांबतात, त्याच सुरात म्हणतात, "गॅस बंद कर गो," आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढची ओळ घेतात. कितीही वेळा ऐकलं तरी तिथे मला हसू फुटायचं.

पुढे आईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. 'हं' आणि 'आ' एवढंच उरलं. ज्या बाईच्या आवाजाने अर्ध्या गावाची लग्नं लागली, ती पाणी मागायलाही बोट दाखवू लागली. माझी नणंद प्रिया माझ्या गळ्यात पडून रडली, "वहिनी, माझ्या हळदीला आता कोण गाणार गं?"

"आईच गाणार," मी म्हटलं. "माझ्याकडे आहेत त्या." मी तिला शब्द देऊन बसले.

मग तर मी त्या फायलींवर नागासारखी बसले. मध्ये वेणूमावशी आल्या होत्या. म्हणाल्या, "नमिता, ते धवले मना दे गो भरून. पोरींना शिकवीन." मी साफ नाही म्हटलं. एकदा बाहेर गेले की हळदीचा डीजेवाला हरेश त्याखाली ढाकचिक ढाकचिक टाकणार आणि उद्या ते गल्लोगल्ली वाजणार. धवला काय नाचायला आहे? मावशी उठून गेल्या. आई खाटेवरून सगळं ऐकत होत्या, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, दमल्या असतील.

तसं मी बॅकअपलाही विसरले नव्हते. वेगळी हार्ड डिस्क आणून कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवली होती. फाईल बदलली की तिकडे आपोआप कॉपी. माझी मलाच शाबासकी वाटायची.

प्रियाचं लग्न ठरलं. अंगणात मांडवाची मेढ उभी राहिली, तिला आंब्याची डहाळी बांधली. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, आणि आमच्या घरातला एक दंडक आहे. मेढ उभी राहिली की लग्न पार पडेपर्यंत दारी आलेल्या कोणालाही 'नाही' म्हणायचं नाही. भिकारी असो, भांडलेला भाऊबंद असो, मागेल ते द्यायचं. लग्नघरातून कोणी हिरमुसून गेलं तर पोरीच्या संसाराला लागतं म्हणे. हे मला ठाऊक होतं. पण दंडक नारळ-तांदळाला असतो, कॉम्प्युटरला असेल असं माझ्या डोक्यात कुठून येणार?

हळदीच्या आदल्या दिवशी मी आणि हितेश वाशीच्या मार्केटला नारळ आणि भाजी आणायला गेलो. परत आलो, हातपाय धुतले आणि धवले स्पीकरवर नीट लागतात का बघावं म्हणून मी कॉम्प्युटरपुढे बसले. एकही फाईल उघडेना. सगळ्या नावांना काहीतरी भलतंच शेपूट लागलेलं. आणि मधोमध इंग्रजीत चिठ्ठी, की तुमच्या फायली आम्ही बंद केल्यात, पैसे भरा आणि किल्ली घ्या. 

"कोणी हात लावला ह्याला?"

प्रिया घाबरून म्हणाली, "वहिनी, मीच उघडून ठेवला होता, फोटो निवडत होते. मग हरेशदादा आला हळदीची गाणी घ्यायला. त्याने पेन ड्राइव्ह लावला."

हरेश ओट्यावरच चहा पीत होता. "वहिनी, आईशप्पथ, मी थांबलो होतो," तो म्हणाला. "लाल पाटी आली, धोका आहे म्हणून. एक बटण 'काढून टाका', एक 'तरीही चालू ठेवा'. मी पुतळामावशींना विचारलं, मावशी, लावू का? मावशींनी मान डोलावली."

"अरे, त्यांना काय कळतंय लाल पाटीतलं? तुला अक्कल नको?" मी कडाडले.  तेवढ्यात आई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी आपल्या छातीवर हात आपटला. म्हणजे 'मी'. मग तो हात मांडवाच्या मेढीकडे केला.

मला सगळं समजलं, आणि समजून राग दुप्पट झाला. "पाहुणा होता का तो व्हायरस, आई? चोर होता! ह्या घराला कधी कळणार, कोणाला आत घ्यायचं ते? तुमच्या हाताने तुम्ही तुमचा आवाज घालवलात!"

बोलून गेले. जीभ काय, तिला हाड नाही. आईंचे डोळे भरले, पण त्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्या कानाला बोट लावलं, मग माझ्या गळ्याला. कानाला, गळ्याला. मला वाटलं, ओरडू नको म्हणतायत. मी हात झटकून आत गेले.

हितेश मशीन घेऊन वाशीच्या एका दुकानात पळाला. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली. वहिनींची बॅकअपची डिस्कही जोडलेलीच होती ना, म्हणाला, मग तीही गेली. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं झालं. हितेश पैसे भरायलाही तयार होता, पण भरून किल्ली मिळेलच असं सांगता येत नाही, शहाणे असाल तर भरू नका, असं दुकानदारच म्हणाला. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं तो कधीच एक्सचेंजमध्ये गेला होता. आणि कॉपी जगात कोणाकडेच नव्हती. तेवढी काळजी मी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद. प्रिया पाटावर बसली, पुढे वाटलेल्या हळदीचं ताट. हरेशने आपले स्पीकर स्वतःहून बंद ठेवले होते आणि तो मांडवाच्या कडेला मान खाली घालून उभा होता. बायका वेणूमावशींकडे बघू लागल्या.

"मना नुसतं झेलाला येतं गो," मावशी रडवेल्या झाल्या. "उभा जन्म पुतलाने टाकलं न् मी झेललं. टाकनारं कोन हाय?"

प्रियाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. तेवढ्यात आईंनी माझा दंड धरला, मला प्रियाशेजारी बसवलं, आणि पुन्हा तेच केलं. कानाला बोट. गळ्याला बोट.

आता कळलं. कानात जे इतकं भरलंयस ते गळ्यातून काढ, असं त्या कालपासून सांगत होत्या.

"आई, मी? अहो, शाळेत मला प्रार्थनेला मागच्या रांगेत उभं करायचे!"

आईंनी मेढीकडे बोट केलं. मेढ उभी होती. 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

मी डोळे मिटले. हेडफोन लावल्यासारखं झालं आणि आतून आईंचाच आवाज आला, त्यांचा श्वास जिथे तुटतो तिथे तुटणारा. त्याच्या मागोमाग मी तोंड उघडलं. "हलद कुनी आनली गो, खाडीपल्याडशी आनली..." वेणूमावशींनी झटकन ओळ झेलली. दुसरी टाकली, तिसरी टाकली. सूर बेताचाच होता, पण शब्द एकही अडेना. प्रियाच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला हळद चढत गेली आणि मी कुठे बसलेय हेच विसरले. आणि त्या भरात, त्याच सुरात, माझ्या तोंडून निघालं, "गॅस बंद कर गो."

वेणूमावशींची उभ्या जन्माची सवय. त्यांनी तेही झेललं, "गॅस बंद कर गोऽ"

 मग प्रियाच्या तोंडून हसू फुटलं, हळदीने आणि आसवांनी माखलेलं, आणि अख्खा मांडव हसायला लागला. मी लाजेने मेले. आईंकडे पाहिलं तर त्या पदरात तोंड लपवून गदगदा हसत होत्या. त्या हसण्याला आवाज होता. तो आवाज मी ओळखला आणि मला रडू आवरेना.

डोळे पुसून बघते तर दहा-बारा फोन माझ्यावर रोखलेले, त्यात हरेशचाही. 'बंद करा ते' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "हरेश, नीट धर रे, हलतोय तुझा हात."

आता अँटिव्हायरसची लाल पाटी आली की आमच्याकडे कोणी पुढचं बटण दाबत नाही, आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात जाते. धवले मात्र वेणूमावशींकडे आहेत, हरेशकडे आहेत, आणखी कोणाकोणाकडे आहेत ते मी विचारत नाही.

परवा गावात एक हळद होती. वेणूमावशींची नात पहिल्यांदाच धवला टाकायला बसली होती, हरेशच्या फोनवरून शिकलेली. काय गोड गळा पोरीचा! गाता गाता ती एके ठिकाणी थांबली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, सुरात म्हणाली, "गॅस बंद कर गो." मागच्या बायकांनी तितक्याच गंभीरपणे ओळ झेलली. कोणीही हसलं नाही.

अगं, ते धवल्यातलं नाही, हे सांगायला मी उठले. आईंनी माझा पदर धरला आणि मला खाली बसवलं.