अठरा महिन्यांचं वर्ष

मास्तरीणबाईंना जनगणनेच्या कामाला जुंपलं तेव्हा त्या मनाशी म्हणाल्या होत्या, माणसं मोजायची, त्यात काय एवढं? पन्नास पोरांची हजेरी पाच मिनिटांत उरकणारी बाई ती. पण पहिल्याच आठवड्यात डोक्याचा भुगा झाला. एका घरात माणसं पाच सांगितली आणि दारात चपला अकरा जणांच्या. एका गृहस्थांनी परदेशी गेलेले दोन्ही मुलगे लिहायला लावले आणि ‘ते इथे राहत नाहीत’ म्हटल्यावर बाईंवरच उखडले, “मग त्यांच्या खोल्या आम्ही रोज कुणासाठी झाडतो?” भाड्याच्या एका खोलीत आठ बांधकाम मजूर होते. आपण इथले की गावाकडचे, हे त्यांच्यातल्या एकालाही धड सांगता येईना.

बाईंकडे सगळ्यांसाठी एकच नियम होता. सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात, किंवा यापुढे सहा महिने जिथे राहायचा विचार आहे, ते तुमचं राहतं ठिकाण. एकशे बेचाळीस घरांत त्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला. एकशे त्रेचाळिसावं घर त्यांचं स्वतःचं होतं.

नवरा, बाई, दोन मुली. चार ओळी झरझर भरल्या आणि पाचवीवर पेन अडलं. समोर आई मटार सोलत बसली होती.

सहा वर्षांपूर्वी वडील गेले, घर विकलं, आणि तिघा भावंडांनी एका बैठकीत ठरवलं होतं: आई चार महिने दादाकडे, चार महिने बाईंकडे, चार महिने धाकटीकडे. कुणावर भार नको, कुणाची तक्रार नको. किती छान वाटणी झाली म्हणून नातेवाइकांनी कौतुकही केलं होतं. आता बाईंनी बोटं मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. सहा कुठेच होईनात.

त्यांनी दादाला फोन लावला. दादाचं शिवणाचं दुकान, मागे मशिनची घरघर. “अगं, लिही की तुझ्याकडेच. आमच्याकडे अजून कुणी आलंच नाहीये मोजायला.”

“पण सहा महिने राहते कुठे ती?”

“चार-चार राहते ना सगळीकडे,” दादा म्हणाला.

धाकटी म्हणाली, “ताई, मला यातलं काही कळत नाही. तू शिक्षिका, तूच बघ.”

बाईंनी वरच्या साहेबांना विचारलं. माणूस भला, पण घाईतला. “कुठल्याच घरात बसत नसतील तर बेघरांचा फॉर्म वेगळा आहे, बाई. देऊ का पाठवून?”

बाई हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला, कुणाचा ते कळेना. त्या रागाच्या भरात त्यांनी पाचवी ओळ भरली. यापुढे सहा महिने राहण्याचा विचार: आहे.

“काय लिहिलंस?” आईने विचारलं.

बाईंनी वाचून दाखवलं. आईने सोललेली शेंग पुन्हा एकदा तपासली. “विचार कुणाचा म्हणायचा हा? माझा की तुझा?”

“फॉर्ममध्ये ते विचारत नाहीत,” बाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी साहेबांचा सकाळीच फोन आला. “बाई, तुमच्या मातोश्री तीन घरांत आहेत! तिन्हीकडे सहा महिन्यांवर. संध्याकाळपर्यंत सांगा, कुठल्या दोन खोडू.”

बाई चक्रावल्या. फोनाफोनी झाली तेव्हा उलगडा झाला. बाईंच्या त्या फोनमुळे दादाला रुखरुख लागली होती. त्याच्या दारात मोजणारे आले तेव्हा त्याने छातीठोकपणे सांगितलं, आई माझ्याकडे असते. धाकटीनेही तेच केलं होतं. काल जिला कुणी लिहायला तयार नव्हतं तिच्यावरून आता तिघं भांडायला लागली. “मी मुलगा आहे, माझं खोडायचं नाही,” दादा म्हणाला. “म्हणजे मी कोण, पाहुणी?” धाकटी कडाडली. सगळे खरंच बोलत होते की नुसती अब्रू सांभाळत होते, बाईंना काही उमगेना. आपण स्वतः यातलं काय केलं, तेही उमगेना.

त्यात नेमकी महिन्याची पहिली तारीख. बाईंची पाळी संपली होती. दुपारी दादा ठरल्याप्रमाणे आईला न्यायला आला. आई खाटेवर बसली होती. बॅग शेजारी, पण रिकामी.

“भरली नाहीस?” दादाने विचारलं.

“कशी भरू? तिघांकडे सहा-सहा महिने लिहिलेत म्हणे. वर्ष अठरा महिन्यांचं केलंत तुम्ही. मला कळेना, आत्ता कुणाचा महिना चालू आहे.”

दादा ओशाळून हसला. हसता हसता त्याने सवयीने बॅग उघडली आणि आईचे दोरीवरचे कपडे घडी करून आत टाकायला लागला. बाईंनीही सवयीने गोळ्यांचा डबा आणला आणि बाजूच्या कप्प्यात कोंबला. सहा वर्षं वर्षातून तीनदा कुणाच्या ना कुणाच्या घरी हेच चाललं होतं, हातांना पाठच होतं. आई दोघांकडे पाहत होती. बाईंचा हात डब्यावरच थांबला.

त्यांनी डबा परत बाहेर काढला. “दादा, तुमचं दोघांचं खोडायला सांगते मी साहेबांना.”

दादाने बॅग खाली ठेवली. जरा पटकनच ठेवली. “बघ बाई, तुझी इच्छा. मी नको म्हणालो नव्हतो हं.”

बाईंनी फोन उचलला. घर दोन खोल्यांचं, थोरलीचं दहावीचं वर्ष, नवऱ्याला विचारलेलं नाही. आपल्याला आनंद झालाय की भीती वाटतेय, त्यांना सांगता आलं नसतं.

“फोन मागाहून कर,” आई म्हणाली. “आधी कपाटातला एक कप्पा रिकामा कर.”

बाईंनी कपाट उघडलं. चारही कप्पे गच्च भरलेले. सहा वर्षांत आई इथे बॅगेतूनच कपडे काढून घालत आली, हे त्यांच्या आज लक्षात आलं. त्या टाचा उंचावून सर्वांत वरच्या कप्प्यातल्या जुन्या रजया ओढायला लागल्या.

“तो नको,” मागून आई म्हणाली. “तिथे माझा हात पोचत नाही. मधला दे, तुझा.”