बावीस मिनिटांची शाळा

"गुरुजी, शाळंतनं हिचं नाव काढा. सोमवारी होटगीला धाडतो मामाकडं," कल्लप्पा बांधावरूनच म्हणाला.

वेणीमाधव गुरुजी थांबले, तशी मागची पोरांची रांगही थांबली. पुढच्या दोघांच्या हातात नारळ आणि कण्हेरीचा हार होता. कल्लप्पाची नीलम्मा बापाच्या मागं खुरपं घेऊन उभी होती.

अक्कलकोट तालुक्याच्या अगदी हद्दीवरचं हे गाव. ओढा ओलांडला की कर्नाटक. अलीकडंही घरोघर कानडीच, शाळा तेवढी मराठी. पलीकडच्या शाळेत सरकारनं वर्षापुरता एक टीव्ही बसवला होता. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भली मोठी परात अंगणात उभी केली होती. ती म्हणे आभाळातल्या उपग्रहाचं ऐकायची. रोज सकाळी बावीस मिनिटं मुलांचा कार्यक्रम लागे, कानडीत. शनिवारी गुरुजी आपली मुलं तिकडं घेऊन जात. आज तो कार्यक्रम शेवटचा, म्हणून दोन्ही गावांनी मिळून त्या टीव्हीच्या पेटीचा सत्कार योजला होता.

"आजच कशाला, कल्लप्पा?"

"मग कवा? तीन वर्सं झाली, पयलीतच हाय. मामीला बाळ झालंय, तितं पाळना तरी हलवंल. तुमीच मनला न्हवं का, पोरगी मंद हाय?"

म्हटलं होतं. प्रगतिपुस्तकात आपल्या हातानं लिहिलंही होतं. अकरा वर्षांची पोर, तिन्ही वर्षं वर्गात तिनं तोंड म्हणून उघडलं नव्हतं.

"आज तरी येऊ दे. तुम्हीही चला. गव्हाची गोड हुग्गी केलीय."

"हुग्गी हाय व्हय?" कल्लप्पानं पोरीच्या हातातलं खुरपं घेऊन बांधावर रोवलं. "मग चला की."

एरवी गुरुजी तिकडं पोचले की बाहेर निंबाखाली डोळे मिटून पडत. कार्यक्रमातलं अक्षर कळत नसे, आणि आठवडाभराचा शिणवटा अंगात असे. सत्तावन्न वय, गुडघे धरलेले. दुपारच्या गाडीनं सोलापूर गाठायचं, संध्याकाळी देवळात कीर्तनाला बसायचं, एवढीच ओढ. आज मात्र पाहुणे म्हणून त्यांना पुढं, पेटीच्या शेजारी, पोरांकडं तोंड करून खुर्ची दिली होती.

पेटीला हार घातला. विभूतीची तीन बोटं ओढली. शाळा झाडणारी गुरम्मा आरती ओवाळता ओवाळता म्हणाली, "काचंला कुंकू लावू नगा गं, बाईचं तोंड दिसायचं न्हाय."

गुरुजींनी मान वळवली तर काचेवर बाई दिसली. तिच्यासमोर पाण्यानं भरलेली बादली होती. एकेक वस्तू उचलून ती काही विचारी आणि थोडी थांबे, जणू काचेतून तिला ही पोरं दिसत होती. खडा, चिंचोका, कोंबडीचं पीस. पोरं ओरडून उत्तरं देत. मग बाईनं पितळेची वाटी उचलली. सगळी पोरं एका सुरात काहीतरी म्हणाली. एकटी नीलम्मा उठून उभी राहिली, वेगळंच बोलली आणि बोलतच राहिली. हात हलवत, शेजारच्याला दटावत.

बाईनं वाटी सोडली. वाटी तरंगली.

"काय म्हणाली ती?" गुरुजींनी विचारलं.

कल्लप्पा पोरीकडंच बघत होता. "मनती, वाटी पोटात पानी घेत न्हाय तवर बुडत न्हाय. वड्याला भांडी घासताना बगितलंय मनती."

गुरुजींना देवळातलं कीर्तन आठवलं. कीर्तनात बुवा अभंग नुसता म्हणून सोडत नाहीत; समोरच्या अडाण्यातल्या अडाण्याला पोचेपर्यंत त्याचा अर्थ फोडून सांगतात. न पोचला तर बोल बुवाला लागतो, ऐकणाऱ्याला नाही. हे ऐकत आपला जन्म गेला.

बावीस मिनिटं संपली. काचेवर मुंग्या आल्या. पोरं तरीही थोडा वेळ तिकडंच बघत बसली होती.

हुग्गीच्या पंगतीत कल्लप्पा हळूच म्हणाला, "गुरुजी, ही मंद हाय व्हय?"

"नाही. मला तुमची भाषा येत नाही."

"सात वर्सं ऱ्हायलाव की हितं."

"राहिलो कुठं? शनिवार आला की पळत होतो." गुरुजींचा घास हातातच होता. "नाव काढू नका, कल्लप्पा."

"पेटी तर उद्या जानार. मग तिला इचारनार कोन?"

"मी विचारीन."

कल्लप्पा हसला. "सोमवारी दाखला न्यायला येतोच. बगू."

त्या शनिवारी गुरुजी सोलापूरला गेले नाहीत. रविवारी ओढा ओलांडून गुरम्माच्या ओट्यावर बसले. तिनं सांगायचं, त्यांनी वहीत उतरवायचं. दुपारपर्यंत अकरा वाक्यं झाली आणि त्यातली चार पुन्हा विसरली.

"आमच्या म्हशीला बी येवडं कळतं की," गुरम्मा म्हणाली.

"म्हशीला तू जन्मभर शिकवलंस. मला आजच."

सोमवारी वर्गात बादली मांडून गुरुजींनी खडा उचलला. "इदु तेलतदो, मुळगतदो?" हे तरंगतं की बुडतं?

वर्ग फुटलाच. पोरं हसून एकमेकांच्या अंगावर पडली. गुरुजींचे कान तापले. त्यांनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात दारात कल्लप्पा आला, मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली नीलम्मा. गुरुजी थांबले नाहीत. काडी झाली, बांगडीचा तुकडा झाला, खिळा झाला. आता पोरं हसत नव्हती, भांडत होती. उंबऱ्याबाहेरून नीलम्मानं दोनदा उत्तर दिलं.

अकरावं वाक्य संपलं. गुरुजींनी वही मिटली.

"फुडं इचारा की," कल्लप्पा म्हणाला.

"एवढंच येतं."

फाट्यावर होटगीच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. नीलम्मानं गाठोडं सावरलं. कल्लप्पानं रस्त्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग गुरुजींच्या ओल्या बाह्यांकडं पाहिलं. गाडी थांबली, निघाली. धूळ शाळेपर्यंत आली.

"उद्या बी गाडी हाय की," कल्लप्पा म्हणाला. त्यानं पोरीच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून भिंतीशी ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. 'दाखला नको' असं मात्र म्हणाला नाही.

गुरुजींना एक दिवस मिळाला होता. गुडघ्यावर हात देत ते सावकाश तरटावर बसले, वहीचं कोरं पान काढलं आणि आत येऊन समोर उभ्या राहिलेल्या नीलम्माला, खिडकीतून दिसणाऱ्या झाडाकडं बोट करून, मराठीत विचारलं, "याला काय म्हणता तुम्ही?"